खुब्याचं उखळ

आई, तुला जाऊन तीस वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तू होतीस तेव्हाही नाही लिहिली. तुला वाचता येत नव्हतं आणि दुसऱ्याकडून वाचून घेणं तुला पटायचं नाही. "माझ्या लेकीचं मला त्यानं का म्हून सांगावं?" म्हणायचीस. आता तो प्रश्न उरला नाही, म्हणून निवांत बसून लिहिते. घरात तीन महिन्यांची नात आहे, तुझी पणती. तिचा डावा खुबा उथळ निघाला. दीड महिना झाला, तिच्या पायांना पट्टा आहे. खुबा आता जागेवर धरतोय की नाही, ते परवा नगरला दवाखान्यात कळणार आहे. तोवर माझ्या जिवाला दुसरं काही सुचत नाही, आणि या बाबतीत बोलायला तुझ्याइतकं जाणतं माणूस मला माहीत नाही.

तुझं काम डोळ्यासमोर येतं. गावात कुणी बाळंत झालं की ऊन जरा वर आल्यावर तू निघायचीस आणि मी मागोमाग, डावीकडं कलत कलत. न्हाणीत पाटावर बसून तू पाय लांब सोडायचीस आणि बाळाला नडग्यांवर उताणं टाकायचीस. आधी खांदे, मग कोपरं, मनगटं, मग खुबे, गुडघे, घोटे. हा क्रम तू कधी मोडला नाहीस. हात छातीवर आडवे घ्यायचे, एकदा हा वर, एकदा तो वर. मग उजवा हात आणि डावा पाय यांची पोटावर गाठ घालायची, मग डावा हात आणि उजवा पाय. बाळानं टाहो फोडला तरी तुला घाई नसायची. "खांदा लई सैल अस्तो, त्येला वढू न्हाई. खुबा घट्ट, त्येला दमानं घ्यावं. गुडघा नुस्ता फुडं-मागं, त्येला पिळू न्हाई." हे तू मला सांगतेस की बाळाला की स्वतःलाच, ते मला कधी कळलं नाही. पण खांदा सैल का आणि खुबा घट्ट का, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात बसला तो बसलाच.

आणि कोपराची ती जादू! शेजारणीनं पोराला चिखलातून हाताला धरून वर उचललं आणि पोराचा हात लोंबायलाच लागला. हलवू देईना, रडून रडून निळं पडलं. बाई म्हणाली, "मोडला वो हात, आता काय करू?" तू म्हणालीस, "मोडला न्हाई, रुसलाय." पोराशी गप्पा मारत मारत तू त्याचा तळवा आभाळाकडं वळवलास आणि कोपर अलगद दुमडलंस. बारीकसं काहीतरी वाजलं. घटकाभरात पोरगं त्याच हातानं गूळ मागत होतं. हे असं का होतं, ते मी पन्नाशीत वाचलं. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात, त्यातल्या एकाचं डोकं एका चिवट पट्टीच्या कड्यात फिरतं, बांगडीत मनगट फिरावं तसं. लहान पोरांची ती बांगडी सैल असते, ओढलं की हाड तिच्यातून निसटू बघतं. पोर मोठं झालं की बांगडी आवळते. तुला हे कुणी सांगितलं नव्हतं, तरी तुझ्या हाताला ते ठाऊक होतं. मला पुस्तकातून कळलं ते ज्ञान आणि तुझं ते काय, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

न्हाऊमाखू झालं की बाळाला बांधायचं. आपल्याकडची रीतच ती. दोन्ही पाय सरळ ओढायचे, टाचेला टाच लावायची आणि लुगड्याच्या धडप्यानं कमरेपासून घोट्यापर्यंत करकचून गुंडाळायचं, म्हणजे पाय सरळ होतात. सगळा गाव तसाच बांधायचा आणि बांधण्यात तुझा हात सगळ्यांत नेटका. मी तुझी पहिली. मलाही तू तशीच बांधलीस, चांगले पाच-सहा महिने. त्यातून मी जन्मले पायांकडून, म्हणजे पायाळू. पायाळू माणसाचा पाय लागला की कमरेतली उसण उतरते म्हणतात, म्हणून कळत्या वयापासून आपल्या ओसरीवर माणसं पालथी पडलेली असायची आणि मी त्यांच्या कमरेला पाय लावत फिरायची. "पोरी, डावा लाव गं, डावा. अधू हाय, त्याच्यात जोर जास्त." माझ्या लंगडण्याचं एवढं कौतुक दुसऱ्या कुणी कधी केलं नाही.

एकदा मी तुला विचारलं, तेव्हा मी दहाएक वर्षांची असेन. तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस. "आई, माझा पाय असा का गं?" तुझा हात थांबला. "गाडीवरनं पडलीस तू. सव्वा वर्साची हुतीस."

"कुणाच्या गाडीवरनं?"

"लई इचारू नगंस. भाकर करपंल."

भाकर तोवर करपलीच होती. ती तू स्वतःच्या ताटात घेतलीस. मी पुन्हा विचारलं नाही आणि बैलगाडी मात्र माझ्या डोक्यात पक्की बसली. पुढं पुढं तर मला ती दिसायलाही लागली होती, तिचा साटा, बैलाची पांढरी पाठ, सगळं.

आता मागं वळून बघते तर काही गोष्टी वेगळ्याच दिसतात. भाऊ झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते. त्याला तू बांधलं नाहीस. आत्या बघायला आली आणि दारातच अडली. "वयनी, पोराचं पाय मोकळं का? बेडकावानी ऱ्हातील ना!" तू म्हणालीस, "ऱ्हाऊ द्या बेडकावानी. बेडूक बी चालतोय की." आत्या ऐकते होय! ती म्हणाली, सगळ्या गावाला बांधत आलीस आणि स्वतःच्या पोराला मोकळं सोडतीस? तेव्हा तू जे बोललीस ते माझ्या कानात जसंच्या तसं आहे. "ऊसतोडीला जानाऱ्या बायांची पोरं बघा. पाचव्या दिसापास्नं पोटाला न्हाईतर कडंला, पाय फाकून. त्यांना बांधायला सवड कुनाला? त्यातलं येक तरी लंगडं दावा मला." आत्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "लंगडं बघायला लांब कशाला जाऊ?" पण तू भावाचे पाय बांधले नाहीस, आणि त्यानंतर गावात कुणाचेच नाही. दोन घरांनी तुला बोलावणं बंद केलं.

मग ती सुताराच्या घरची तान्ही पोर. मी बारा वर्षांची. तू तिचे गुडघे दुमडून बाहेरच्या बाजूला सोडत होतीस, रोजच्यासारखं, आणि मध्येच थांबलीस. माझा हात ओढून बाळाच्या जांघेजवळ ठेवलास आणि पुन्हा तेच केलंस. माझ्या बोटांखाली काहीतरी खट्ट झालं, कुलपात किल्ली वळल्यासारखं. "कळलं?" म्हणालीस. मी मान हलवली, कळलं तर काहीच नव्हतं. तू बाळाच्या आईला म्हणालीस, "बाय, हिला बांधू नगंस. मांडीत जाड घडी घाल आन् दिसभर कडंवर घे. झोपवायची तरी पाय फाकवून झोपव." दोन-तीन महिने तू रोज तिच्याकडं जायचीस, बोलावलेलं नसताना. ती पोर पुढं चांगली सरळ चालली. तू तिला अंगणातून चालताना बघायचीस, ते मी बघायची, आणि मला तिचा हेवा वाटायचा. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

नगरच्या शाळेत मी प्रयोगशाळेत लागले ते तुला आठवत असेल. बाटल्या धुवायच्या, टेबलं पुसायची आणि शनिवारी सांगाड्यावरची धूळ झटकायची. सातवी शिकलेली बाई मी, पण त्या सांगाड्यानं मला जितकं शिकवलं तितकं कुणी शिकवलं नाही. विज्ञानाच्या बाईंनी एक जुनं पुस्तक दिलं, त्यातली चित्रं बघायची आणि सांगाड्याशी ताडून बघायची. खांदा सैल का, ते तिथं कळलं. तिथलं गोल डोकं पसरट बशीत टेकवलेलं असतं, सगळी मदार भोवतीच्या स्नायूंवर, म्हणून हात चहूकडं फिरतो आणि म्हणूनच निखळतोही लवकर. खुब्याला बशी नाही, उखळ आहे. मांडीच्या हाडाचा गोळा निम्म्याहून जास्त आत बसतो. उभ्या माणसाचं ओझं पेलायचं तर तेवढी पक्की बैठक हवीच. गुडघ्याचं आणखी वेगळं. वरचं हाड खालच्यावर नुसतं टेकलेलं, दोरखंडांनी आवळलेलं, आणि पुढं ती वाटी कुठल्याच हाडात न अडकलेली. घोट्यात नडगीच्या दोन्ही हाडांची टोकं पायाचं हाड दोन बाजूंनी धरून असतात, चौकटीत ठोकळा धरावा तसं. किती वेळा मी पदरानं पुसता पुसता तिथंच उभी राहिले असेन. पोरी हसायच्या, "मावशी, मैत्रीण का ती तुमची?"

तू डोळे दाखवायला नगरला आली होतीस, तेव्हा तुला मी शाळेत नेलं. सुट्टीचा दिवस होता. सांगाडा बघून तू पदर सावरलास. "कुनाचा हाय ह्यो?"

"प्लॅस्टिकचा आहे गं."

"मंग बरंय. न्हाईतर हात लावायच्या आधी इचारावं लागलं असतं."

आणि तू डोळे मिटून हात लावलास. खांदा, कोपर, मनगट, त्याच क्रमानं. खुब्यापाशी मी आकडा काढून मांडीचं हाड तुझ्या हातात दिलं. तू गोळा चाचपलास, मग अंगठा त्या उखळात घातलास. बराच आत गेला. "सगळ्यांचं येवढं खोल अस्तंय?" म्हणालीस. मी आपली हुशारी दाखवायला म्हणाले, "हो, सगळ्यांचं." तू माझ्या तोंडाकडं बघितलं नाहीस, माझ्या पायाकडं बघितलंस. परत जाताना बसमध्ये तू शेंगा घेतल्यास आणि गाव येईपर्यंत एकही फोडली नाहीस. मला वाटलं, डोळ्यांत घातलेल्या औषधाची आग होत असेल.

तीन वर्षांपूर्वी माझा गुडघा धरला. चार पायऱ्या चढवेनात. हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्याचा सोडून खुब्याचा एक्स-रे काढायला लावला, मला वाटलं चुकलं यांचं. तर ते म्हणाले, "मावशी, गुडघा चांगला आहे. आजार खुब्यात आहे, गुडघा नुसता बोंब मारतोय." फोटोत डावं उखळ दिसतच नव्हतं म्हटलं तरी चालेल, नुसता उतार. गोळा वर सरकून भलतीकडंच टेकलेला, आणि गेली साठ वर्षं तिथंच झिजत बसलेला. मी त्यांना बैलगाडीचं सांगितलं. ते म्हणाले, पडून हे असं होत नाही. तान्हेपणी गोळा उखळात नीट बसलाच नाही म्हणून उखळ भरलं नाही. मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं पाय बांधायचे का हो सरळ?" मी हो म्हणाले. एवढंच बोलणं झालं. बैलगाडी तिथंच गेली, साट्यासकट, बैलासकट.

मग मी वाचायला बसले. पुस्तक, मुलाच्या मोबाईलवर सापडेल ते, डॉक्टरांना विचारून विचारून. तान्ह्या पोराच्या खुब्यात अजून सगळं हाड नसतं, बरीचशी मऊ कूर्चा असते. त्यात गोळा बसलेला असेल, तर त्याच्याभोवती उखळ हळूहळू खोल होतं, आणि पाय दुमडून फाकलेले असले की गोळा बरोबर मध्यावर बसतो. म्हणजे उखळ आधी नि मुसळ मग असं नाहीच, एकानं दुसऱ्याला घडवायचं. पाय सरळ ताणून बांधले की गोळा कडेला येतो. हे तुला कळलं होतं, आई. ऊसतोडीच्या बायकांच्या कमरेकडं बघून कळलं होतं. पण पुस्तकात आणखी एक गोष्ट आहे, ती तुला कळायला काही मार्ग नव्हता. पायांकडून येणारं बाळ पोटातच पाय ताणून बसलेलं असतं. मुलगी, पहिलटकरणीची, आणि पायाळू, अशा पोरींना हे जास्त होतं, बांधा नाहीतर बांधू नका. मी तिन्ही होते.

म्हणून सुनेची सोनोग्राफी बघून डॉक्टर म्हणाले की बाळ पायांकडून आहे, सिझर करावं लागेल, तेव्हा बाकीचे ऑपरेशनला घाबरले, मी खुब्याला घाबरले. मुलगी झाली. विहीणबाई खूश. "पायाळू आहे हो, आता उसणीला औषध घरातच!" मुलगा म्हणाला, "पोट फाडून काढल्यावर कसली पायाळू? ती तर कमरेकडूनही आली असती." यावर दोघांचं चांगलं अर्धा तास जुंपलं. ते सगळं हसण्यावारी गेलं, पण पाचव्या दिवशी विहीणबाई धडपा घेऊन बांधायला बसल्या आणि मी त्यांचा हात धरला. जन्मात कुणाचा हात धरला नव्हता मी.

"अहो विहीणबाई, माझी चार बांधली, चारही घोड्यासारखी पळतात."

"पळोत. हिला नाही बांधायची."

"तुम्ही डॉक्टर कधी झालात?"

"मी नाही झाले. माझी आई होती."

विहीणबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. सून मधल्यामधे रडकुंडीला. मी सहा आठवडे धरून बसले की खुब्याची सोनोग्राफी करायचीच. मुलगा म्हणायचा, उगाच नसती शंका काढतेस. सोनोग्राफीत डावं उखळ उथळ निघालं. तेव्हापासून पट्टा. दोन्ही पाय दुमडून बाहेर, चोवीस तास, अगदी बेडकासारखे. घरी आल्यावर विहीणबाईंनी पोरीला कडेवर कशी घ्यायची ते मला विचारलं.

इथवर परवा लिहिलं होतं. आज जाऊन आलो. मला आत घेतलं, कारण मी ऐकणारच नव्हते. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, हा गोळा, हे वरचं छप्पर. मागच्या खेपेला छप्पर घसरतं होतं, आज गोळ्यावर बऱ्यापैकी आलंय. आणखी काही आठवडे पट्टा, मग फक्त लक्ष ठेवायचं. "चालेल ना सरळ?" मी विचारलं. ते म्हणाले, "मावशी, असंच भरत गेलं तर पळेल. वेळेवर आणलंत." मग सहज म्हणून विचारलं, तुम्हाला हे सुचलं कसं? मी तुझं सांगितलं, सुतारांची पोर, मांडीतली घडी, सगळं. ते म्हणाले, नुसत्या घडीनं सगळ्यांचं भागत नाही, पण बाईंची दिशा बरोबर होती. तुला 'बाई' म्हणाले बघ, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. मग मी माझं विचारलं, माझ्या खुब्याला कारण कोणतं, बांधणं की पायाळूपण? ते म्हणाले, किती कशानं झालं, ते आता कुणीच सांगू शकणार नाही.

तर आई, विचारायचं होतं ते हे. तुला माहीत होतं ना? मला वाटतं, भावाच्या वेळी संशय होता आणि सांगाड्यात अंगठा घातलास त्या दिवशी खात्री झाली. पण तुला अर्धंच माहीत होतं, आणि ते अर्धं नेमकं तुझ्या हातांवर येणारं. दुसरं अर्धं पोटातलं होतं, त्यावर तुझा इलाज नव्हता. ते तुला कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं. मी शाळेत रोज त्या पुस्तकाशेजारी उभी असायची, पण त्या पानापर्यंत पोचायला मला तुझ्यानंतर सत्तावीस वर्षं लागली.

हे पत्र टाकायचं कुठं? पोरीच्या फायलीत ठेवते, सोनोग्राफीच्या कागदांमागं. मोठी झाल्यावर वाचेल, नाही वाचलं तरी हरकत नाही.

एक सांगायचं राहिलं. एक्स-रे काढून आले त्या दिवशी मी तुझा फोटो भिंतीवरून उतरवला आणि कपाटात अभ्र्यांखाली पालथा ठेवला. तीन दिवस ठेवला. कुणी विचारलं तर काच पुसायला काढलाय म्हणून सांगायचं ठरवलं होतं. कुणी विचारलंच नाही. चौथ्या दिवशी परत लावला तेव्हा मात्र काच खरंच पुसली.